महालक्ष्म्यांच्या पंगतीची रांगोळी

महाराष्ट्र राज्य होऊन चौथं वर्ष चालू होतं. त्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, मलकापुरातल्या आमच्या घरी जेवलेल्या चार मुलांना दिवेलागणीच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. त्यांतल्या एका मुलीला झटके आले. मोठ्या माणसांपैकी कुणालाही काही झालं नाही. चारही मुलं वाचली. स्वयंपाक पारबतामावशीनं केला होता. दोष तिच्यावर गेला.

इथपर्यंतचं आमच्या गल्लीला माहीत होतं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला नाही, बायकोलाही नाही. आयुष्यभर बातम्या लिहिल्या — दुसऱ्यांनी काय केलं त्याच्या. कुणी, कुठे, केव्हा, कसं. या एका प्रकरणात 'कुणी' लिहायचं राहिलं. राहिलं म्हणू का? तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो आहे, तर शब्द तरी नीट वापरावेत. राहिलं नाही. मी वगळलं.

आधी घर सांगतो. दादा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये कारकून होता. जिनच्या भिंतीला लागून घरांची एक ओळ होती, तिथे दोन खोल्या आणि पुढची ओसरी आमच्याकडे होती. दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची शकू आणि मी. मी एका साप्ताहिकात लागलो होतो — बातम्या गोळा करायच्या, प्रुफं तपासायची, अंक निघायच्या दिवशी घड्या घालायच्या. आई असेपर्यंत महालक्ष्म्या गावी बसत. ती आदल्या वर्षी गेली आणि मुखवटे मलकापूरला आले. वहिनीच्या हातच्या या पहिल्या महालक्ष्म्या. त्यात दादानं जिनच्या मॅनेजरसाहेबांना सहकुटुंब जेवायला बोलावलं.

वहिनीला हे कळलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

"साहेबाले? अन् बसवता कुठी त्याहिले? माह्या डोक्यावर?"

"पंगतीत," दादा म्हणाला. "देवीचं जेवन आहे. देवीपुढं काय साहेब अन् काय मी."

"देवीले पाट नसला तं चालते. साहेबाच्या बायकोले चालत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही पेपरवाले. तुम्हाले अक्कल आहे असं तुमचे दादा चारचौघांत सांगत राह्यतात. आता दाखवा थे. पंगत साजरी दिसली पायजे. अन् पैसा मांगू नोका."

तरी पदराच्या गाठीतून तिनं मला थोडे पैसे काढून दिले. पुन्हा मिळणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

ते काम मी मन लावून केलं. हे सांगताना अजूनही थोडा अभिमान वाटतो — पाहा, आजसुद्धा. पाट गल्लीतून गोळा केले. सगळे वेगवेगळ्या उंचीचे. जिथे पाट पुरले नाहीत तिथे जिनमधल्या रिकाम्या पोत्यांच्या घड्या घातल्या आणि त्यांवर वहिनीचं जुनं हिरवं लुगडं फाडून अंथरलं. बसल्यावर कुणाला कळलं नसतं. सिगारेटच्या पाकिटांतली चांदी मी महिनाभर जमवून ठेवली होती. ती कच्च्या पेरूच्या अर्ध्या फोडींना गुंडाळली आणि त्यांत उदबत्त्या खोचल्या. दोन पानांमध्ये एक, अशा मांडल्या. पतंगी कागदाच्या झालरी दारांवर. तेरड्याची फुलं नाल्याकाठाहून आणली. विटेची भुकटी लाल, हळद पिवळी, नीळ निळी. ओल्या सरकीला रंग लावून तिची वेलबुट्टी. पत्रावळी पळसाच्या, ताज्या लावलेल्या. ओसरी आणि बाहेरची खोली मिळून दोन रांगा होत होत्या. मोठी माणसं आत, मुलं ओसरीवर दाराशी.

पतंगी कागदात पैसे संपले. हे लक्षात ठेवा.

पारबतामावशी पहाटेच आली होती. आमच्या ओळीत शेवटचं घर तिचं. नवरा बाजारात भाजीचं दुकान लावायचा, तीन लेकरं होती. ती काही स्वयंपाकीण नव्हती. पण खापरावरच्या पुरणपोळ्या तिच्यासारख्या मलकापुरात कुणाला येत नाहीत, असं बायका म्हणत. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला गोळा लाटणं न लावता दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि एका झटक्यात खापरावर टाकायचा. पोळी धोतराच्या पानासारखी पातळ, रुंद दिसायची. गौरी असोत, लग्न असो, अक्षयतृतीया असो — 'पारबताले सांगा' हे आधी ठरायचं, बाकीचं मागून. तिला खण-नारळ मिळायचा, धान्य मिळायचं. पण ती त्यासाठी येत नव्हती, हे कुणीही सांगितलं असतं. बोलावणं आलं की ती डोक्यावर स्वतःचं खापर घेऊन गल्लीच्या मधोमध चालत जायची. कडेनं नाही.

मी ओसरीवर वाकून रांगोळी काढत होतो तेव्हा ती राखेची टोपली घेऊन बाहेर आली.

"सरका मधूभाऊ. बाईमानसासारखे बसले रांगोळीत. तुमच्या रांगोळीनं पोट भरत असन तं मी पोळ्या कायले करू?"

"पोट तुमच्या पोळीनं भरन मावशी, डोळे माह्या रांगोळीनं."

"डोळे भरायले दुसरं काही भेटलं नाही का बापा? तुमच्या दादाले सांगते आता, बायको पाहा म्हनाव याच्यासाठी." आणि हसत गेली.

तेव्हा मी मोठ्यांच्या रांगेच्या महिरपी संपवल्या होत्या. मुलांच्या पानांसाठी मला काही वेगळं सुचलं होतं. चारही पानांना मिळून एक आगगाडी. प्रत्येक पत्रावळ म्हणजे एक डबा. खाली चाकं, वर खिडक्या, पुढे इंजिन, धूर, आणि सगळ्यांच्या खालून लांब रूळ. मलकापूरची मुलं ती. गाडीच्या शिटीवर उठायची, गाडीच्या शिटीवर झोपायची. आराखडा कोळशानं आखून झाला. आणि डब्यात हात घातला तर रांगोळी संपली होती.

दुकान जवळ होतं. पैसे नव्हते. वहिनी सोवळ्यात आत होती, आणि तिनं मागू नका म्हणून सांगितलं होतं. उधार आणता आलं असतं. शेजारणीकडे मूठभर मागता आली असती — सणाच्या दिवशी रांगोळीला कोण नाही म्हणतं? मग का नाही मागितली? मला वाटतं, मला ती कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण करायची होती. इतक्या थोड्या पैशांत इतकं केलं, असं म्हणवून घ्यायचं होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलेलं नाही.

ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी मलेरियाचे फवारणीवाले आमच्या ओळीत येऊन गेले होते. त्यांचं सामान त्यांनी आठवडाभर आमच्या ओसरीवर ठेवलं होतं, आणि जाताना, ठेवू दिलं म्हणून, ढेकणांसाठी डबाभर डी.डी.टी. दादाला दिली होती. पांढरी, मऊ, रांगोळीपेक्षाही पांढरी. आम्ही ती बाजांच्या सांध्यांत घालत असू. धान्याच्या कोठीभोवती भुरभुरत असू. त्या काळी सगळ्या घरांत हेच चालायचं.

ती विष आहे हे मला ठाऊक होतं का? डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पण देताना फवारणीवाल्यानं दादाला सांगितलं होतं — "भांड्यांपासून लांब ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका." हे मी ऐकलं होतं. मी तिथेच उभा होतो.

आगगाडी मी त्या पावडरीनं काढली. आणि काढताना मला काय वाटत होतं सांगू? भीती नाही. पुरणाला मुंग्या लागतात, आता लागणार नाहीत, असं वाटत होतं. एका कामात दोन कामं. मी स्वतःवर खूश होतो.

दुपारी पंगत बसली. मॅनेजरसाहेबांची बायको दारातच थांबली आणि म्हणाली, "अगं बाई, हे कोणी केलं? मलकापुरात असं काही पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं." वहिनीनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही. ओसरीवर चार मुलं बसली — शकू, मॅनेजरसाहेबांचा मुलगा आणि शेजारची दोन भावंडं. त्यांना आगगाडी इतकी आवडली की जेवण राहिलं बाजूला. बोटानं चाकं फिरवत होती, रूळ पुढे ओढत होती, झुकझुक करत होती. शकू इंजिनाच्या डब्यात बसली होती, म्हणून तिचा रुबाब जास्त. वहिनी आतून ओरडली, "आधी जेवा, मंग गाडी चालवा." मग त्यांनी त्याच बोटांनी पोळी कुस्करली, तूप-दूध कालवलं, आणि बोटं चाटत जेवली.

हे मी पाहिलं. वाढायला मीच होतो. मी हसलोसुद्धा.

दिवे लावायच्या वेळी शेजारच्या घरातून आधी आवाज आला. मग शकूनं ओकारी काढली. थोड्या वेळानं मॅनेजरसाहेबांचा गडी धावत आला — त्यांच्याकडेही तेच. आम्ही चौघांना सरकारी दवाखान्यात नेलं. शकूचे हातपाय आधी थरथरत होते, मग ती ताठ झाली, डोळे फिरले. दादा तिचे पाय धरून होता आणि काहीतरी पुटपुटत होता; देवीचं नाव असावं. वहिनी घरी होती — महालक्ष्म्या घरात बसलेल्या असताना घर सोडायचं नाही म्हणून तिला बायकांनी अडवून धरलं होतं.

डॉक्टर बाहेरगावचे, तरुण होते. शकूचे डोळे पाहून ते थांबले. "मोठ्यांपैकी कुणाला त्रास?"

"नाही."

"मग जेवणातलं वाटत नाही. मुलांच्या हाताला काही लागलं होतं? घरात काही औषध, पावडर? शेतातलं फवारायचं काही?" ते माझ्याकडे बघून विचारत होते, कारण दादा उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हता.

इथे आलो आहे तर सरळ सांगतो. प्रश्न मला कळला. उत्तरही त्याच क्षणी कळलं. मोठ्यांच्या महिरपी दुकानच्या रांगोळीच्या, मुलांची गाडी डब्यातली. मोठे ठीक, मुलं आजारी. यात अवघड काही नव्हतं. मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

माझ्या पुढ्यात चार वर्षांची मुलगी ताठ झाली होती. तिला काय झालं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि ते मी, ज्याला माहीत असायला हवं होतं त्याला सांगितलं नाही. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दादाची नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. साहेबांचा मुलगाही त्यात होता. ते खरं नाही. डॉक्टरांनी विचारलं त्या क्षणी दादाची नोकरी माझ्या मनात आली नव्हती. वहिनीचा दुपारचा चेहरा आला होता.

डॉक्टरांनी त्यांच्या अंदाजानं पोटं धुतली, सुया दिल्या. शकूचे झटके थांबले. "जेवणातलंच काही असेल मग," ते म्हणाले. माझ्या 'नाही'वरून ते तिथे पोचले होते.

मी घरी निरोप द्यायला आलो. ओसरीवर पत्रावळी अजून तशाच होत्या. पोरं आजारी पडल्यावर कुणाला आवरायचं सुचलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचं उष्टं उंबरठ्याबाहेर जाऊ देत नाहीत. परसात खड्डा करून पुरतात. सगळ्या गल्लीत त्या दिवशी परसातून कुदळीचे आवाज येतात. त्यामुळे मी खड्डा खणला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. उष्ट्याबरोबर मी आगगाडी झाडून त्यात लोटली. डबा रिकामा केला. वर माती ओढली. ओसरी शेणानं सारवली. वहिनी आत देवीपुढे बसली होती. तिला वाटलं, भाऊजींनी घर सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. शकू दवाखान्यातच होती, शुद्धीवर आली होती. पारबतामावशी सकाळी आली ती आत न येता उंबरठ्याशी बसली. चार-पाच बायका आधीच जमल्या होत्या. कुणी तिला काही म्हणालं नव्हतं — अजून नाही. ती आपणहून बोलायला लागली.

"माह्याच्यानं झालं, वयनी. रातभर इचार केला. पोळ्या बरोबर होत्या, पुरन ताजं होतं, सोवळं मोडलं नाही. मंग काऊन झालं? तवा याद आलं." तिनं पदर तोंडाला लावला. "पुरन वाटता वाटता माह्या मनात आलं व… का एवढं पुरन माह्या लेकराईले एक डाव भेटलं पायजे. निवद दाखवाच्या आधी मनात आलं. देवीच्या आधी म्या माह्या लेकराईच्या तोंडी घातलं थे. मनानं घातलं, पन घातलं."

मग ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "लेकराईसाठी मनात आनलं, म्हनून लेकराईवर आलं."

तेवढं पुरे होतं. सगळं जुळलं होतं. मोठ्यांना काही का झालं नाही, याचं उत्तरही त्यात होतं. मावशीनं पुढे होऊन महालक्ष्म्यांच्या पुढे जमिनीवर नाक घासलं. त्याच जमिनीला लागून ओसरी होती, मी आदल्या दिवशी सारवलेली. ती ओली होती. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं — फार तर दोन. तिनं जे केलं नव्हतं ते ती कबूल करत होती, आणि मी ऐकत होतो. ऐकणं हे माझं काम होतं ना? बातमीदार होतो मी.

बातमीचंही सांगून टाकतो. साप्ताहिकाच्या संपादकांनी म्हटलं, तुमच्याच गल्लीतलं आहे, चार ओळी द्या. मी दिल्या. सणाच्या जेवणानंतर चार बालकांना बाधा, प्रकृती सुधारत आहे. शेवटी मी लिहिलं, 'स्वयंपाक घराबाहेरील एका बाईंनी केला होता असे समजते.' नाव दिलं नाही. द्यायची गरज नव्हती. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, हे मी तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं. 'असे समजते' — कुणाला समजते? मलाच ना? मी तिला पहाटे खापर उतरवायला हात दिला होता.

जे गल्लीत होतं ते गावात गेलं.

वहिनी मावशीला वाईट बोलली नाही. फक्त तिला पुन्हा बोलावलं नाही. इतरांनीही तसंच केलं. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही, पुढच्या अक्षयतृतीयेला नाही. एका सकाळी नळावर पाण्याच्या रांगेत एकीनं विचारलं, "काय व पारबता, आता कोनाच्या घरच्या पुरनावर डोया आहे?" बाकीच्या हसल्या. मावशीनं घागर भरली आणि गेली. मी तिथे दात घासत उभा होतो. पुढे ती जिनमध्ये कापूस निवडायला जाऊ लागली. दादानंच साहेबांना सांगून काम मिळवून दिलं. त्याला तिची दया यायची. तो म्हणायचा, बिचारीनं खरं तरी बोलून टाकलं. तिचं खापर परसात पालथं पडलेलं असायचं, चुलीवर नाही. सणाच्या दिवशी तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा तवा वापरत. तिनं पुरणाला हात लावणंच सोडून दिलं होतं. तिच्या नवऱ्यानं एकदा माझ्या दादाला सांगितलं, "थे म्हनते, माह्या मनाचा भरोसा नाही."

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. पुष्कळ आल्या. शकूच्या लग्नात. दादाच्या शेवटच्या आजारात, त्यानं आपणहून त्या दिवसाचा विषय काढला तेव्हा. मी अकोल्याला दैनिकात गेलो. कीटकनाशकांच्या बातम्या माझ्या टेबलावरून जाऊ लागल्या. फवारणी करताना मजूर दगावले, धान्यात पावडर मिसळली, मुलानं डबा उघडला. मी त्यांना मथळे दिले. मूळ मजकुरात 'अन्नातून विषबाधा' असं मोघम लिहून आलं की मी बातमीदाराला परत पाठवत असे — कशातून ते शोधा, नुसतं 'समजते' चालणार नाही. या बाबतीत मी कडक आहे असा माझा लौकिक होता.

पारबतामावशी गेली तेव्हा मला दोन महिन्यांनी कळलं. वहिनी त्याआधी गेली होती. डबा, खड्डा, ओसरी — ती ओळ आता नाही. तिथे दुकानं आहेत. शकू साठीच्या पुढे आहे, तब्येत ठीक आहे. लहानपणी आपण जेवणातून आजारी पडलो होतो एवढं तिला सांगोवांगी माहीत आहे. हे छापून आलं तर तिला इथूनच कळेल.

एक राहिलं.

त्या महालक्ष्म्यांनंतर सात-आठ वर्षांनी पारबतामावशीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. तोवर मी अकोल्याला गेलो होतो. सुटी काढून आलो. नवरदेवाकडची माणसं नांदुऱ्याची. त्यांच्या कानावर जुनी गोष्ट गेली होती. त्यांनी बैठकीत एक अट घातली — पुरणाला मुलीच्या आईचा हात लागता कामा नये. मावशीच्या नवऱ्यानं ती मान्य केली. पुरणपोळ्या करायला नांदुऱ्याहून दोन बायका आणल्या. त्या पोळ्या तव्यावरच्या होत्या, जाड होत्या. मावशी सकाळपासून नवी साडी नेसून मांडवाच्या खांबाशी बसून होती. ज्या चुलीवर तिचं खापर बसायचं त्या चुलीकडे पाठ करून.

मला पाहिल्यावर ती उठली.

"आले का मधूभाऊ? बरं झालं बापा. माह्या पोरीच्या पंगतीची रांगोळी तुम्हीच काढा. तुमच्या वयनीच्या घरी त्या दिवशी किती साजरी काढली होती! लेकराईसाठी गाडी काढली होती, आठोते का?"

"आठवते," मी म्हणालो.

"तशीच काढा. पोरंसोरं खूश होतात."

नवरदेवाकडची मुलं ओळीनं बसणार होती तिथे मी चार पानांसाठी आगगाडी काढली. तिच्या नवऱ्यानं सामान आणून ठेवलं होतं. रांगोळी दुकानातून विकत आणलेली होती.